पायाची नस काढायची की लॅबमधली बसवायची? ४ सेंटिमीटरच्या गॅपचं गणित

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला, तीन महिन्यांपूर्वी ग्राइंडरचं चाक सटकून उजव्या मनगटावर बसलं, तेव्हा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) जोडले पण मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांची नस, चिरडलेली होती म्हणून ती नंतर बघू म्हणून ठेवली. आता सर्जन म्हणतायत की खराब भाग काढला की ४ सेंटिमीटरची गॅप पडणार, पायाची नस काढून तिथं बसवावी लागेल. आणि तुम्ही व्हिडिओत बघितलंय की आता लॅबमध्ये तयार केलेली नस मिळते, मग चांगला पाय कशाला बिघडवायचा, पैसे जमवून ती मागवू का, तोवर थोडं थांबू का.

थांबू नका. तुमचे सर्जन बरोबर सांगतायत. मी सोलापुरात वीसेक वर्षं हाताचीच ऑपरेशनं करतोय, लॅबमधल्या नळ्या मीही बसवल्यात, एकदा त्यात चांगलाच तोंडावर आपटलोय, ते पुढं सांगतो. पण नुसतं थांबू नका म्हणून तुमचं समाधान होणार नाही, कारण व्हिडिओत दाखवलेलं सगळं काही खोटं नसतं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे नस म्हणजे सगळंच, रक्ताची शीर पण नस, कंबरेत दबते ती पण नस, टेंडनला पण लोक नसच म्हणतात. इथं बोलतोय ती मेंदूकडनं हुकूम नेणारी आणि स्पर्श परत आणणारी, करंटची वायर म्हणा. पण वायर म्हटलं की लोकांना वाटतं तुटली तर मधे तुकडा टाका, टेप मारा, लाइट चालू. तसं नाहीये. प्रत्येक धागा म्हणजे मणक्याजवळच्या एका पेशीची लांबच लांब शेपटी असते आणि ती तुटली की तुटलेल्या जागेपासून बोटापर्यंतचा धागा मरतो, जोडला तरी मरतो, न जोडला तरी मरतो. १८५० साली ऑगस्टस वॉलर नावाच्या माणसानं बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं होतं. म्हणजे आम्ही जोडतो ती फक्त वरची खोळ. आतला धागा वरनं नव्यानं वाढत बोटापर्यंत जावा लागतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

तुम्ही कारखान्यात बघितलंच असेल, लूमवरचा बीम संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला गाठ मारून जोडतात. मला तसं करता आलं असतं तर काय पाहिजे होतं, पण इथं धागे हजारोंनी, डोळ्याला न दिसणारे, मायक्रोस्कोपखाली मला दिसतात ते धाग्यांचे गठ्ठे. मी केसाहून बारीक ९-० च्या नायलॉननं गठ्ठ्यासमोर गठ्ठा आणून खोळ शिवतो आणि बाजूला होतो. पुढं कुठला धागा कुठं जाईल हे माझ्या हातात नाही, अंगठ्याच्या स्नायूचा धागा चामडीत घुसला तर तो फुकट गेला.

मग या वाढणाऱ्या धाग्याला वाट कोण दाखवतं? श्वान पेशी. श्वान म्हणजे कुत्रा नव्हे, थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे, पण इमानदारी बघितली तर आपलं मराठी नाव काही वाईट नाही. धागा मेला तरी या पेशी जागेवर थांबतात, आधी मेलेल्याचा कचरा साफ करतात, मग रांगेत उभ्या राहून आतून बोळासारखी वाट करून ठेवतात आणि नव्या धाग्याला खाऊपिऊ घालत पुढं नेतात. काही महिने थांबतात हां, जन्मभर नाही. वर्ष उलटलं की त्यांचाही दम संपत जातो, रांगा विस्कटतात. सगळं प्रकरण इथंच अडतं हे लक्षात ठेवा.

आता गॅप. चाकूनं, काचेनं स्वच्छ कापलेली नस लगेच आलात तर टोकाला टोक लावून शिवता येते. ग्राइंडरनं मात्र नस कापत नाही, कुटते आणि भाजते. ती आम्ही काकडीच्या चकत्या काढाव्यात तशी थोडी थोडी कापत मागं जातो, जोवर तोंडावर चांगले मऊ दाणेदार गठ्ठे फुगून बाहेर येत नाहीत तोवर. दगडासारखा पांढरा घट्ट भाग राहू दिला तर त्यातनं काहीच पलीकडं जात नाही. असं करता करता ४ सेंटिमीटर जातात. मग ओढून का नाही जोडत असं सगळेच विचारतात. सशांवर प्रयोग झालेत, नस ८ टक्के ताणली की तिच्यातलं रक्त मंदावायला लागतं, १५ टक्क्याला थांबतंच. ताणून शिवलेली नस टेबलावर छान दिसते आणि आत व्रण होऊन बसते. व्हिएन्नाच्या मिलेसी यांनी १९७० च्या आसपास हे आग्रहानं मांडलं की ताणून जोडण्यापेक्षा मधे सैल तुकडा घाला, आणि आजही आम्ही तेच करतो.

तो तुकडा बहुतेक वेळा पायातली सुरल नस असते. आणि तुमचा सगळा राग त्या सुरलवर आहे.

लॅबवाल्यांचं म्हणणं काय, की पाय उघडण्याऐवजी तिथं नळी बसवू. सगळ्यात साधी म्हणजे पोकळ नळी, कोलॅजनची किंवा विरघळणाऱ्या टाक्याच्याच मटेरियलची. अमेरिकेत या नळ्यांना १९९९ आणि २००१ च्या सुमारास परवानगी मिळाली, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. दोन्ही टोकं नळीत घालून शिवायची. आत काय होतं ते भारी आहे. पहिल्या काही तासांत टोकांतनं पाझरणारं पाणी भरतं, त्यातच वाढीला लागणारी द्रव्यं असतात, मग आठवडाभरात आत फायब्रिनची (रक्त गोठताना बनतो तो चिकट धागा) एक दोरी तयार होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या दोरीवरनं बारीक रक्तवाहिन्या घुसतात, रक्तवाहिन्यांना धरून श्वान पेशी सरकतात आणि त्यांच्या मागनं धागे. पण गॅप लांब असली की ती दोरीच मधे बारीक होते किंवा धरतच नाही, आणि दोरी नाही तर पुढचं काहीच नाही. उंदरात पोकळ सिलिकॉनच्या नळीची मजल १ सेंटिमीटर, दीड झालं की बोंब. माणसात पाकिटावर ३ सेंटिमीटर लिहिलेलं असतं, मी स्वतः दीडच्या पुढं जात नाही, आणि तेही बोटाच्या नुसत्या स्पर्शाच्या नसेला.

हे दीड मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी कुंभारीकडच्या एक बिडी वळणाऱ्या बाई आल्या होत्या, पत्र्यावर पडून मनगट कापलेलं, दोन आठवडे नुसतं वरचं टाके घालून घरी. मी उघडलं, टोकं साफ केली, गॅप आली पावणेतीन सेंटिमीटर. हाताशी नवी कोलॅजनची नळी होती, पाकिटावर ३ लिहिलेलं, त्या बाई म्हणत होत्या पायाला हात लावू नका, पायावर बसूनच काम असतंय, आणि खरं सांगायचं तर मलाही ती वापरून बघायची हौस होती. बसवली. आठ महिने बघितलं. नस वाढत असली की वाढत्या टोकावर बोटानं टिचकी मारली की बोटांत करंट जातो, याला टिनेलची खूण म्हणतात, १९१५ पासून चालत आलेली, फुकटची तपासणी. ती खूण दर महिन्याला तीन सेंटिमीटर पुढं सरकायला पाहिजे. यांची नळीच्या वरच्या तोंडाशी येऊन जी बसली ती बसलीच.

मे महिना होता, ओपीडीत पंखा फुल असून सगळे घामानं थबथबलेले, मी त्यांच्या बोटांवरनं प्लास्टिकचं पेन ओढलं. करंगळीवर पेन घामानं अडकत होतं आणि अंगठ्यावर, पहिल्या दोन बोटांवर काचेवरनं घसरावं तसं सटासट घसरत होतं. नस नाही तर घाम पण नाही. त्या म्हणाल्या, "सर, पान हाताला लागतच नाय ओ, बघून बघून वळतेय, हजाराच्या जागी तीनशे होतायत." बिडीचं काम बघितलंय का कधी जवळनं? बायका गप्पा मारत, टीव्ही बघत वळतात, तंबाखू किती, पान कुठं संपलं ते सगळं बोटांना कळतं, डोळ्यांचं कामच नसतं. ते गेलं की मजुरी गेली.

परत उघडलं. नळी विरघळून गेली होती आणि तिच्या जागी दोन टोकांच्या मधे शेवईएवढा एक पांढरा धागा, आत नसेचं काही नाही. तो काढला, पायाची सुरल घेतली, चार पदर करून बसवले. दीड वर्षानं पहिल्या दोन बोटांना गरम-गार, टोचलेलं कळायला लागलं, सहाशेपर्यंत बिड्या व्हायला लागल्या. अंगठ्याचा गड्डा (अंगठ्याच्या मुळाशी असतो तो मांसाचा उंचवटा) काही भरला नाही. पहिल्याच वेळी सुरल घेतली असती तर भरला असता का, थोडा तरी भरला असता असं मला वाटतं, आणि ते आठ महिने माझ्या हौसेपायी गेले. पायाबद्दल त्यांनी नंतर एकदाही तक्रार केली नाही, मीच विचारलं तर म्हणाल्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं बधिर आहे, चप्पल घालताना कळतं.

म्हणून पोकळ नळी हा फक्त रस्ता आहे, त्यावर माणसं नाहीत. खरी टिश्यू इंजिनीअरिंग म्हणजे रस्त्याबरोबर ती माणसंही पुरवायची, म्हणजे सांगाडा, पेशी आणि वाढीची द्रव्यं तिन्ही. यातला सांगाडा बऱ्यापैकी जमलाय. मेलेल्या दात्याची नस घेऊन डिटर्जंटनं धुवून आतल्या पेशी काढून टाकायच्या, एन्झाइमनं वाढ अडवणारी द्रव्यं काढायची, रेडिएशननं निर्जंतुक करायची, उरतो तो आतल्या बोळांसकट रिकामा वाडा. पेशीच नाहीत म्हणून शरीर त्याला परका म्हणून हाकलत नाही, गोळ्या खाव्या लागत नाहीत. अमेरिकेत हे २००७ पासून विकलं जातंय, ७ सेंटिमीटरपर्यंतच्या गॅपचे निकाल छापून आलेत, पण त्यातल्या बहुतेक गॅप त्याहून बऱ्याच लहान आहेत. पोकळ नळीपेक्षा हे नक्की सरस. अडचण तीच, वाडा रिकामा आहे, श्वान पेशींनी दोन्ही टोकांकडनं आत चालत येऊन तो भरायचा. वाडा लांब असला की त्या विभागून विभागून मधेच म्हाताऱ्या होतात. सुरलमध्ये त्या आधीच राहायला असतात आणि पेशंटच्या स्वतःच्या असतात. हा एक मुद्दा अजून कुठल्याही कंपनीला नीट सोडवता आलेला नाही.

सोडवायचे प्रयत्न चाललेत, नाही असं नाही. मायामीत सर्जननी पेशंटच्याच नसेतनं श्वान पेशी काढून लॅबमध्ये वाढवल्या आणि पायाच्या मोठ्या सायाटिक नसेच्या गॅपमध्ये घातल्या, २०१६ ला छापलं. पण गंमत बघा, त्या पेशी त्यांनी घातल्या सुरलच्याच पदरांभोवती, म्हणजे सुरल काढावीच लागली. शिवाय पेशी वाढायला आठवडे जातात. जपानात क्योटोला पेशंटच्या कातडीतल्या पेशींपासून थ्रीडी प्रिंटरनं नळी बनवून बोटांच्या नसांत बसवली, निकाल चांगले आले, पेशंट होते तीन. तुम्ही बघितलेला व्हिडिओ बहुतेक यातलाच कुठलातरी असणार. काम मला खरंच आवडतं, दहा-पंधरा वर्षांनी कदाचित मीच तसलं काहीतरी बसवत असेन.

आणि वाढीची द्रव्यं. यातल्या पहिल्या द्रव्याच्या शोधाला १९८६ चं नोबेल मिळालं, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना. मग लोकांना वाटलं भरपूर ओतू. ओतलं तर धागे त्या द्रव्याच्या जागीच वेटोळी घालून बसले, पुढं जाईनात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पोराला पाळण्यापाशी सोडलं की ते घरी यायचं नाव घेत नाही, तसंच. किती, कुठं, कधी सुटलं पाहिजे हे अजून उंदरातच जमवणं चाललंय.

एक सावध करतो. नसेत स्टेम सेल सोडतो, इंजेक्शन देतो, ऑपरेशनशिवाय जोडली जाईल असं सांगून लाखभर मागणारे भेटतील. आयसीएमआरची (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची गाइडलाइन स्वच्छ आहे, रक्ताच्या ठरावीक आजारांत बोन मॅरोसारखं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं स्टेम सेल फक्त नोंदणी झालेल्या ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले की ट्रायलचा सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला) विचारा, बोलणं तिथंच संपतं. बी ट्वेल्व्हच्या गोळ्यांनीही तुटलेली नस जुळत नाही, दिल्या असतील तर खाऊ दे, नुकसान नाही.

आता तुमच्या भावाचं गणित. मनगटापासून अंगठ्याच्या गड्ड्यापर्यंत साधारण ७ सेंटिमीटर, त्यात गॅपचे ४, झाले ११. दिवसाला मिलिमीटरनं ११० दिवस, त्यात धाग्याला सुरुवात करायला आणि बसवलेल्या तुकड्याच्या दोन टोकांचे जोड ओलांडायला महिना-दीड महिना धरा. म्हणजे ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी स्नायूला पहिला निरोप पोचणार. बोटाच्या टोकाला आठ-नऊ महिने. स्नायू नसेविना साधारण वर्ष-दीड वर्ष तग धरतो, मग चरबी होऊन बसतो, त्यानंतर नस पोचली काय न पोचली काय. तीन महिने गेलेत. आज केलं तर आठव्या महिन्यात पोचाल, मधे जागा आहे. परदेशातनं मागवू, पैसे जमवू, परवानगी बघू यात सहा महिने घालवले की चौदाव्यात पोचाल, म्हणजे दार लागता लागता.

आणि पायाचं. मीडियन नस मनगटाशी जाड असते, सुरल तिच्यासमोर सुतळीपुढं दोरा. म्हणून चार-पाच पदर लागतात, साडेचार सेंटिमीटरचे पाच म्हणजे बावीस-तेवीस सेंटिमीटर. एका पायात मोठ्या माणसाची सुरल ३० ते ४० निघते, म्हणजे एकाच पायात काम भागतं. मग जाड नसच का नाही घेत, तर जाड तुकड्याच्या पोटात रक्त पोचायच्या आत तो मधे मरतो, बारीक पदरांना आजूबाजूच्या मांसातनं दोन-तीन दिवसांत रक्त लागतं. सुरल चालायचं काम करत नाही, तिला स्नायूच नाहीत. पावलाची बाहेरची कड बधिर होते, ती जागा वर्षभरात आक्रसत जाते. काही जणांच्या कापलेल्या टोकाशी गाठ होऊन दुखतं, ते टोक स्नायूत खोल गाडलं तर कमी दुखतं, तेवढं सर्जनना विचारा कुठं ठेवणार. भावाला शुगर असेल तर ते आधी सांगा.

नळी मी कुठं वापरतो तर बोटाच्या बाजूच्या बारीक नसेला, सेंटिमीटरभर गॅप असेल तिथं. तिथंही पुष्कळदा पेशंटच्याच हातावरची शीर घेतो, आत थोडं मांस भरून, शीर चपटी होऊन मिटू नये म्हणून, आणि ती फुकट असते. मनगटावरच्या, स्नायू आणि स्पर्श दोन्ही नेणाऱ्या, ४ सेंटिमीटरच्या गॅपला नळी कोणी सुचवली तर दुसऱ्याला दाखवा.

समजा एवढं करून अंगठा समोर आला नाही, तर हात वाया गेला असं नाही, चांगल्या बोटाचं टेंडन वळवून अंगठ्याला देता येतं. असली टेंडन वळवायची कामं वेल्लोरला पॉल ब्रँड या सर्जननी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर केली आणि ती जगभर गाजली. पण स्पर्श कुठल्याच टेंडनमधनं येत नाही, तो नसेतनंच येणार, म्हणून नस आधी.

काम करताना लागलंय तर ईएसआयचं कार्ड आहे का बघा, नसेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. तीन आठवडे पट्टीत हात राहील, मग फिजिओ, तो चुकवायचा नाही. बोटं बधिर आहेत तोवर चहाचा ग्लास, तवा, भाकरी उजव्या हाताला लावू देऊ नका, भाजतं आणि वास आल्यावर कळतं, मी बघितलंय. पाचव्या-सहाव्या महिन्यात झिणझिण्या तळहातात आल्या की ज्वारीच्या डब्यात बटण, शेंगदाणा, एक रुपयाचं नाणं टाकून डोळे मिटून शोधायला लावा, रोज दोनदा दहा मिनिटं, धागे इकडचे तिकडं गेलेले असतात तर मेंदूला नवा नकाशा पाठ करावा लागतो.

आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला व्रणापासून खाली खाली टिचकी मारत जायचं, जिथं बोटांत करंट जाईल तिथं बॉलपेननं टिंब, मनगटाच्या घडीपासून किती सेंटिमीटर ते मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. दोन महिने आकडा हलला नाही तर तिसऱ्याची वाट बघायची नाही, ती पानं घेऊन सर्जनकडं जायचं.